घोडे पेंड कुठे खाते?

वाक्प्रचार शिकवणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत सोपे काम. फळ्याच्या डाव्या बाजूला वाक्प्रचार लिहायचा, उजव्या बाजूला अर्थ लिहायचा, मुलांनी तो वाक्यात योजायचा, आणि घंटा झाली की हाताचा खडू झटकून सर्वांनी आपापल्या वाटेने जायचे. वीस वर्षे मी हेच करीत आले. ‘घोडे पेंड खाणे’ म्हणजे नेमकी तेथेच अडचण असणे. झाले! परंतु गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, “मॅडम, घोडे पेंड खाते तर खाऊ दे ना! त्यात अडचण काय? खात नसते तर अडचण.”

वर्ग हसला. मीही हसले, आणि ‘त्याचा विचार आपण पुढच्या तासाला करू’ असे म्हणून पुढच्या वाक्प्रचाराकडे वळले. प्राध्यापकांना अडचणीतून बाहेर पडण्याचा हा राजमार्ग नेहमीच मोकळा असतो. पण घरी येताना बसमध्ये मला राहून राहून वाटू लागले की, पोरगे म्हणते ते काही खोटे नाही. खाणाऱ्याची अडचण नसते. अडचण असते ती न खाणाऱ्याची! असे वाटायला कारणही होते. आमच्या घरी त्या वेळी हीच अडचण पानावर येऊन बसली होती.

मामंजींना घरात सारेच अण्णा म्हणतात. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. छत्तीस वर्षे शाळामास्तरकी केलेली. ताटात काही टाकायचे नाही हा त्यांचा दंडक. माझी दोन्ही मुले त्यांच्या हाताखाली जेवायला शिकली, आणि कढीलिंबाचे पानसुद्धा ताटाच्या कडेला ठेवताना ती आजोबांच्या तोंडाकडे बघत. असे हे अण्णा वर्षभरापासून ताटात टाकू लागले. चपातीचा मधला पदर तेवढा खायचा, कडा तोडून ताटाभोवती महिरपीसारख्या मांडून ठेवायच्या. भाजी चिवडायची आणि वाटीआड ढकलायची. भाकरीकडे तर बघायचेसुद्धा नाही. दोन घास वरणभात झाला की, “पुरे. आज भूक नाही.”

सुनेच्या हातचे सासऱ्याने टाकले, याचा अर्थ सांगायला कोणता शब्दकोश लागतो? मी भाज्या बदलल्या, फोडण्या बदलल्या, पिठाची गिरणीही बदलली. ताट काही रिकामे होईना. त्यात एकदा अण्णा नाशिकला वन्संकडे आठ दिवस राहायला गेले आणि तिकडून फोन आला, “अण्णांनी आज चांगली भाकरी खाल्ली बरं का, वहिनी!” त्या ‘बरं का’ने मला रात्री झोप आली नाही.

शेवटी एका रात्री, दिवसभराच्या पेपर-तपासणीने डोके उठलेले असताना, त्यांच्या ताटातली अख्खी चपाती टोपलीत टाकताना मी बोलून गेले, “अण्णा, ताटात टाकू नये हे आम्हांला तुम्हीच शिकवलंत ना?”

ते काही बोलले नाहीत. पेलाभर पाणी प्यायले आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताटात टाकणे बंद केले. म्हणजे, वाढूनच घेईनासे झाले. एक मूद भात, वरण, ताक. ताट स्वच्छ! मी जिंकले होते. आणि महिन्याभरात त्यांच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल दिसू लागली होती.

मे महिन्यात मुलांच्या हट्टाखातर आम्ही चार दिवस माथेरानला गेलो. अण्णा नाशिकला. माथेरानचे वर्णन मी येथे करीत नाही. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना ते नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांनी जाऊनच पाहावे. एवढेच सांगते की, तेथे मोटारीला बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यावर सोडायची आणि पुढे पायी, नेरळहून १९०७ साली सुरू झालेल्या चिमुकल्या आगगाडीने, नाहीतर घोड्याने. आता ई-रिक्षाही दिसतात. परंतु लाल मातीच्या त्या रस्त्यांवर राज्य अजून घोड्यांचेच.

आमच्या उतरण्याच्या जागेमागे एका घोडेवाल्यांचा तबेला होता. तबेला म्हणजे चार खांबांवर पत्रा. पन्नाशी उलटलेले गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. पहाटे मला लवकर जाग येते. चहाचा कप घेऊन मागच्या ओट्यावर बसले असता पहिल्याच दिवशी जे पाहिले त्याने कप हातातच राहिला. मामांनी घमेल्यात घोड्याचा दाणा ओतला, आणि मग त्या दाण्यात मोठमोठे तीन दगड ठेवले!

“मामा, दगड?”

“खातो काय त्यो दगड, ताई! त्याला आवरायला ठेवलेत.”

घोड्याचे नाव बादल. रंगाने काळसर, कपाळावर पांढरा टिळा, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे “खायच्या बाबतीत पक्का नवाब”. नुसत्या घमेल्यात दाणा दिला की हा नवाब थोबाड खुपसून फावड्यासारखा तो उडवणार, आवडीचा हरभरा वेचून खाणार, कोंडा फुंकरीने बाहेर काढणार, आणि उरलेले पायाखाली तुडवणार. लाल मातीत पडलेला दाणा गेलाच. दगड ठेवले की त्याला थोबाड फिरवायला जागा राहत नाही. दगडाच्या भोवतीने, फटीफटीतून ओठाने शोधत, सावकाश खावे लागते. दगड मात्र मुठीपेक्षा मोठे आणि नदीतले गुळगुळीत हवेत, नाहीतर तोंडात जायचे.

मला गंमत वाटली आणि मी रोज पहाटे तेथे जाऊन बसू लागले. घोडा खाऊ घालणे हे एवढे मोठे शास्त्र असेल अशी मला कल्पना नव्हती. आपण घोड्यापुढे चणे टाकतो आणि तो खातो, एवढेच आपले ज्ञान. मामांचे पाठ निराळे होते.

पाठ पहिला : आधी पाणी, मग गवत, मग दाणा. उपाशी घोड्यापुढे एकदम दाणा टाकला की तो अधाशासारखा गिळतो. पाठ दुसरा : कोरडा दाणा द्यायचा नाही. हरभरा भरडून भिजवायचा, आणि कोंड्यावर गुळाच्या पाण्याचा हबका मारून दोन्ही हाताने कालवायचे. कोंडा हरभऱ्याला चिकटला की नवाबाला निवड करता येत नाही, आणि वाऱ्यानेही काही उडत नाही. (हे ऐकताना मला माझ्या धाकट्याची आठवण झाली. पोह्यांतले दाणे तेवढे वेचून खाण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.) पाठ तिसरा : एका वेळी ढीगभर नाही, थोडेथोडे आणि चार वेळा. पाठ चौथा : उरले तर काढून टाकायचे, घमेले धुवायचे. आंबलेल्या वासाच्या भांड्याला घोडा दुसऱ्या दिवशी तोंड लावीत नाही. पाठ पाचवा : नवा दाणा एकदम बदलायचा नाही. जुन्यात मूठमूठ मिसळत आठ-दहा दिवसांनी पुरता बदलायचा. आणि सहावा : डब्याने मोजायचे नाही, तोलून द्यायचे. डबाभर कोंडा आणि डबाभर हरभरा यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक!

परत आल्यावर मी कॉलेजच्या ग्रंथालयातून अश्ववैद्यकावरचे एक पुस्तक काढले. मराठीची प्राध्यापिका घोड्यांचे पुस्तक नेते म्हणून ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले, ते असो. मामांचे सारे पाठ त्यात होते. घोड्याचा देह एवढा थोरला, पण जठर अवघे दहा-पंधरा लिटरांचे. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडेथोडे चरत असतो. त्याचे पोट त्यासाठीच घडलेले. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेले ते पुढेच गेले पाहिजे. म्हणून नको त्या अन्नाला तो तोंडातच नकार देतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच ते सात किलो वाळला चारा लागतो, आणि दाणा हा त्या चाऱ्यावरचा नुसता वरखर्च. चवीचेही एक वाचले. २००५ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांपुढे निरनिराळ्या स्वादांचे खाणे ठेवले, तेव्हा त्यांनी सर्वांत पसंत केली ती मेथी, आणि तिच्याखालोखाल केळे. हे मी मुलांना वाचून दाखवले. मेथीच्या भाजीविषयी त्यांचे मत मात्र बदलले नाही.

मामांना ही सारी काटकसर का करावी लागते, तेही मला तिसऱ्या दिवशी कळले. पावसाळ्याचे चार महिने माथेरानला गिऱ्हाईक तुरळक. त्या चार महिन्यांचा दाणा आणि गवत मे महिन्याच्या कमाईतूनच भरून ठेवायचे. “धंदा बंद व्हतो ताई, घोड्याचं तोंड बंद व्हत नाय.” छपराखाली प्लास्टिकने झाकलेली गवताची गंजी त्यांनी मला दाखवली. तिच्या आसपास कोणाला विडी पेटवू देत नाहीत.

ती गंजी पाहताना मला एकदम माझा वर्ग आठवला. शिवाजी महाराजांचे चिपळूणकडे छावणीला असलेल्या लष्कराला लिहिलेले पत्र आम्ही शिकवतो. राज्याभिषेकाच्या सुमाराचे. पावसाळ्याची बेगमी म्हणून साठवलेला दाणा आणि वैरण आताच बेपर्वाईने उडवाल, तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, ते मात्र चालणार नाही. आगट्या, चिलमी आणि जळत्या दिव्याची वात पळवणारा उंदीर, इतक्या बारकाव्यापर्यंत राजाची नजर गेलेली. मी ते पत्र गद्याचा नमुना म्हणून वर्षानुवर्षे शिकवले. वाक्यरचना, फारसी शब्द, लेखकाची दृष्टी. पण त्यातली वैरण ही खरी वैरण आहे, आणि ती संपली की खरा घोडा मरतो, हे मला मामांच्या गंजीसमोर उभे राहून समजले.

शेवटच्या दिवशी पहाटे मी मामांना सहज म्हटले, “तुमच्या दगडांनी बादलला चांगली शिस्त लावली हो!”

मामा खरारा करीत होते. त्यांचा हात थांबला.

“दगडानं उडवायचं थांबलं, ताई. पण खाईना झाला त्याचं कारण वेगळंच व्हतं. त्ये मला चार महिनं कळलं नाय.”

मग त्यांनी सांगितले. आदल्या वर्षी बादलने खाणे सोडले. दाणा तोंडात घ्यायचा आणि अर्धा खाली सांडायचा. गवत चघळायचा आणि ओले बोळे करून जमिनीवर टाकायचा. मामांनी सारे उपाय केले. दगड ठेवले, गूळ वाढवला, तोंडाला तोबरा बांधून पाहिला. (पानाचा तोबरा आपण भरतो, तो शब्द मुळात घोड्याच्या दाण्याच्या पिशवीचा, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. तोबरा प्रत्यक्ष पाहिला तो येथे.) घोडा खंगत चालला. मामा चिडत चालले. महागाचा हरभरा रोज मातीत जातो आहे, आणि हा नवाब नखरे करतो आहे! “शिव्या घातल्या. एक डाव चाबूक बी मारला, ताई. दाणा सांडला म्हणून.”

मग जनावरांच्या डॉक्टरांचे एक शिबिर झाले. इतर घोड्यांबरोबर मामांनी बादललाही नेले. डॉक्टरांनी त्याचे तोंड उघडून आत बॅटरी मारली आणि मामांना म्हणाले, “बघा.” गालाच्या आतून सोललेले. जिभेच्या कडेला जखम.

घोड्याची दाढ आपल्यासारखी एकदा येऊन थांबत नाही. ती वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजते आणि तेवढीच हिरडीतून वर सरकत राहते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे ती सारखी झिजत नाही. वरच्या दाढांना बाहेरच्या अंगाने आणि खालच्या दाढांना आतल्या अंगाने सुरीसारखी धार येते. तोबरा बांधा नाहीतर चांदीच्या ताटात वाढा, प्रत्येक घासाला गाल कापला जातो. डॉक्टरांनी लांब दांड्याची कानस घातली आणि धारा घासून काढल्या. जखमा भरल्या, आणि पंधरवड्यात बादल घमेले चाटून पुसून साफ करू लागला.

“नखरा नव्हता त्यो,” मामा म्हणाले. “मुकं जनावर, सांगणार कुटनं? आपणच बघायला पायजे व्हतं. मी सांडल्याला दाणा बघत बसलो.”

खाली उतरताना मुले गाडीत गात होती. हे म्हणाले, “तू गप्प का?” मी काही नाही म्हटले. माझ्या डोळ्यांपुढे चपातीच्या कडांची महिरप होती.

आठ दिवसांनी अण्णा परत आले. त्या रात्री मी मुद्दाम चपाती केली, आणि प्रथमच त्यांच्या ताटाकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघितले. ते उजव्या बाजूने चावत होते. घास फिरवत, फिरवत, मध्येच थांबत. मग रुमाल तोंडाला लावला, आणि तो घडी करून खिशात ठेवला. जेवणे झाल्यावर मी तो रुमाल धुवायला म्हणून मागून घेतला. आत चघळलेल्या चपातीचा ओला बोळा होता.

सुनेने सासऱ्याला ‘कवळी काढून दाखवा’ असे म्हणणे सोपे नाही. यांना पुढे केले, ते कपाळाला आठ्या घालून बाहेर गेले. अखेर मीच म्हटले, “अण्णा, कवळी लागते का हो?”

अण्णा कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वर्ष झालं. सैल झालीय. खाली टोचते.”

“मग सांगायचं नाही का?”

“काय सांगायचं? तू कॉलेज करून घाईघाईनं गरम चपाती वाढतेस. ती बोचते म्हणून सांगू? आणि नव्या कवळीचा खर्च. घराचे हप्ते चाललेत तुमचे.”

नाशिकची भाकरीही त्याच वेळी उलगडली. वन्सं ती दुधात कुस्करून देत होत्या. लहानपणी अण्णांनी त्यांना तशी दिली होती म्हणून, लाडाने. त्या बिचारीला कवळीचे काही ठाऊक नव्हते, आणि तिच्या ‘बरं का’मध्येही काही नव्हते. ते मीच वाचले होते.

दाताच्या डॉक्टरांनी पाहिले. हिरडीवर दोन ठिकाणी व्रण. म्हणाले, दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते, म्हणून जुनी कवळी बसेनाशी होते. असे होतेच, वेळच्या वेळी दाखवायला हवे. व्रण भरेपर्यंत पंधरा दिवस कवळी काढून ठेवली. तेवढे दिवस मी मामांचे पाठ गिरवले : थोडेथोडे, चार वेळा, मऊ कालवून. दगड तेवढे ठेवले नाहीत. मग नवी कवळी आली. पहिले काही दिवस तिच्याशी त्यांचे जमले नाही, दोनदा डॉक्टरांकडे जाऊन ती घासून आणावी लागली. पण गणपतीच्या आधी एका रविवारी त्यांनी ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा मोडला, त्यावर ठेचा घेतला, आणि ताटात काही टाकले नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडला.

त्या रात्रीचे माझे वाक्य मात्र मला अजून टोचते. त्याला कानस लावून मिळत नाही. मी अण्णांची क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, “वाक्य बरोबर होतं. विद्यार्थी चुकीचा निवडलास.”

मागच्या बाकावरच्या त्या मुलालाही उत्तर द्यायचे राहिले आहे. निघताना मी मामांना त्याचा प्रश्न घातला होता. ते म्हणाले, “घोडं पेंडीच्या वासानं वाटेत थांबतं आणि खात बसतं, मग किती हाणा, पुढं जात नाय. माणूस वर बसून टाचा मारतो. त्याला वर बसून घोड्याचं तोंड दिसत नाय ना!” अर्थाच्या रकान्यात हे वाक्य मी आता तसेच लिहून देते. घोडे कुठे पेंड खाते ते पाहायचे तर खाली उतरावे लागते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी अण्णांना वाचायला दिला. घोड्याशी तुलना केली म्हणून मनात धाकधूक होती. त्यांनी तांबड्या पेन्सिलीने दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि कागद परत देत म्हणाले, “घोडा ठीक आहे, गाढव नाही म्हटलंस. आणि यंदा दिवाळीत कडबोळी जरा कडक तळ.”